बोबडा सेट

घरात एखादा आवाज आला की नाही, याचा शेवटचा निकाल सासूबाईंचा असे. फ्रिज घरघरायला लागला, पंखा कुरकुरला, वरच्या मजल्यावर कुणाचा नळ ठिबकला, की सगळे आधी त्यांच्या तोंडाकडे बघत. त्या मान किंचित कलती करत, डोळे मिटत आणि सांगत, "पंखा नाही, पंख्याचा हूक." आणि हूकच निघे. एकदा तर शेजाऱ्यांच्या भिंतीवरचं घड्याळ आता बंद पडणार, हे त्यांनी भिंतीच्या अलीकडून सांगितलं होतं. पंधरा दिवसांत ते बंद पडलं. तेव्हापासून शेजारी नवरा-बायको भांडायचं असलं की आधी टीव्ही मोठा करत.

सुनेचं तसं नव्हतं. तिला सगळंच ऐकू येई, असलेलंही आणि नसलेलंही. लेकीची शाळेची गाडी पाच मिनिटं उशिरा आली की रस्त्यावरचा प्रत्येक ब्रेक तिच्या पोटात वाजे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते बहुधा अशाच एखाद्या आईला बघून कुणाला तरी सुचलं असावं. म्हणून लग्नानंतरच्या आठ वर्षांत तिनं एक सोपी सवय लावून घेतली होती. काही खटकलं की सासूबाईंना विचारायचं. त्या "काही नाही" म्हणाल्या की विषय संपला.

हा कान काही आभाळातून पडलेला नव्हता. सासूबाईंनी एकोणीस वर्षं टू-इन-वनच्या कारखान्यात नोकरी केली होती. वर हँडल, दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये कॅसेटची खिडकी आणि माथ्यावर रेडिओची काडी, असे खांद्यावर घेऊन मिरवायचे ते सेट. पट्ट्यावरून सेट पुढे सरकत येई आणि शेवटच्या टेबलावर पाच बायका बसत. कॅसेटची फीत ज्याच्यावरून घासत जाते ते हेड सरळ बसवायचं, हे त्यांचं काम. हेडच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा एक स्क्रू असतो. तो केसभर जरी इकडेतिकडे झाला तरी हेड तिरकं होतं आणि आवाजातलं बारीक बारीक सगळं निघून जातं. पहिले जातात ते स आणि श. मग गाणारा कितीही मोठा असो, त्याच्या तोंडात गोळी धरल्यासारखं वाटतं. टेबलावरच्या बायकांनी अशा सेटला नाव ठेवलं होतं, "बोबडा." "अगं, हा बोबडा आहे, दे परत." साहेब लोकही पुढे कागदावर तसंच लिहू लागले.

बोबडेपणा पकडायला एक कॅसेट असे. कारखान्यातल्या एका साहेबाच्या आवाजात त्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा भरलेलं होतं: "सात सशांची शर्यत, शेवटच्या सशाची सरशी." ते ऐकत ऐकत स्क्रू फिरवायचा आणि स सुरीसारखा लागला की थांबायचं. नवख्या मुली काटा असलेल्या यंत्राकडे बघून लावत. सासूबाई काट्याकडे पाठ करून बसत. "काट्याला आकडा कळतो, स कळत नाही," असं त्या आजही म्हणत.

स्क्रू जागेवर बसला की तो हलू नये म्हणून त्यावर रंगाचा एक थेंब सोडायचा. पाच जणींचे पाच रंग. तक्रार आलीच तर रंगावरून माणूस सापडावा. लाल एकीचा, पिवळा दुसरीचा, मग पांढरा, निळा. सासूबाईंचा हिरवा. एकोणीस वर्षांत हिरव्या ठिपक्याचा एकही सेट तक्रार घेऊन परत आला नव्हता. नवरा लवकर गेला, पोराला एकटीनं वाढवलं, कारखाना बंद पडल्यावर औषधांच्या गोदामात खोकी भरली. या सगळ्यातलं त्या फारसं काही सांगत नसत. परत न आलेल्या सेटचं मात्र सांगत.

आणि मग चौदा वर्षांपूर्वी भंगारवाल्याच्या हातगाडीवर त्यांना एक फुटका सेट दिसला. घरी आणून उघडला तर आत लाल ठिपका. लाल ठिपकेवाली त्यांची डबा वाटून खाणारी मैत्रीण, तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. सासूबाई त्या ठिपक्याकडे अर्धा तास बघत बसल्या, असं त्यांचा मुलगा सांगतो. तेव्हापासून हा नाद लागला. आतल्या खोलीत आता एकवीस सेट होते, सगळे त्याच कारखान्याचे, सगळे चालू. लाल आठ, पिवळे चार, निळे सहा, पांढरे तीन. हिरवा एकही नाही. "मैत्रिणी सगळ्या सापडल्या," त्या म्हणत, "मीच मला सापडत नाही."

गल्लीतले लोक त्यांना टेपमावशी म्हणत. ज्यांच्या घरी अजून एखादा टू-इन-वन तग धरून होता ते तो घेऊन येत. ताणलेला पट्टा बदलायचा, कडक झालेलं रबरी चाक घासायचं, आवाज वाढवायच्या बटणातली खरखर काढायची, आणि सरतेशेवटी ससे पळवायचे. आतल्या खोलीतून "सात सशांची शर्यत" ऐकू आली की घरातल्यांना कळे, काम संपत आलं.

बिट्टी त्या सशांवरच वाढली. बिट्टी म्हणजे नात, वय पाच. आईची काळजी आणि आजीचा हट्ट दोन्ही वारसाहक्कानं घेऊन आलेली. ती आजीच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून चित्रं काढी आणि कॅसेटबरोबर म्हणे, "थात थथांची थर्यत, थेवतच्या थथाची थरथी."

सुनेच्या कानाला ते बरेच दिवस खटकत होतं. तीन वर्षांची होती तोवर गोड वाटलं. चार झाली, पाच झाली, तरी स काही जागेवर येईना. एके दिवशी तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, "आई, बिट्टी जरा बोबडी बोलते का हो?"

सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "बोबडी? माझी नात?"

"मला आपलं वाटलं."

"तुला काय, गेल्या महिन्यात तिचा एक पाय लांब वाटत होता."

हे खरं होतं. चपलेचा तळ झिजलेला निघाला होता.

"चोख बोलते," सासूबाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षं मी तेच ऐकत बसले होते, मला कळणार नाही? सुतावरून स्वर्ग गाठू नकोस."

सुनेला इतकं हलकं वाटलं की वाचा सुधारणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेतलेली वेळ तिनं फोन करून रद्द केली. शाळेतून बाईंची चिठ्ठी आली, "मुलीच्या उच्चारांकडे लक्ष द्यावे," तेव्हा तिनं ती दोनदा वाचली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली. शाळेच्या बाईंना वर्गात तीस पोरं, त्यांना काय ऐकू येणार. आईंचा कान तो आईंचा कान.

पुढे एका रविवारी सकाळी कोपऱ्यावरचा शिंपी सेट काखेत मारून दारात उभा राहिला. त्याचा सेट सासूबाईंनी आठवड्यापूर्वीच दुरुस्त करून दिला होता.

"मावशी, एक विचारू? रागावू नका."

"रागावण्यासारखं असलं तर विचारू नकोस."

"नाही म्हणजे, गाणं रजईखालून आल्यासारखं येतंय. रजया मी शिवतो, पण अजून यंत्रावर घातली नाही एकही."

सासूबाईंनी सेट घेतला, ससे लावले, डोळे मिटले. सून चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. तिच्या कानाला ससे खरंच रजईतून पळत होते. पण तिनं स्वतःलाच गप्प केलं. आपल्याला काय कळतं त्यातलं.

"सेट ठणठणीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "कॅसेट धुळीत ठेवतोस, त्याचं काय? तरी ठेवून जा, बघते परत एकदा."

शिंपी चहा पिऊन गेला. जाताना दाराशी सुनेला हळूच म्हणाला, "वहिनी, कॅसेट नवी कोरी आहे हो." त्याच महिन्यात सासूबाईंकडून सेट दुरुस्त करून नेलेल्या नाच शिकवणाऱ्या बाईंनीही असंच काहीसं फोनवर सांगितलं होतं, फार गोड शब्दांत. सुनेनं तो निरोप सासूबाईंना दिलाच नव्हता. हल्ली लोकांना जुन्याची किंमत नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

त्यानंतर चारच दिवसांनी भंगारवाला आला. त्यानं एक खोकं आणलं होतं, मूळचं, चारही कोपरे शाबूत. कुणाच्या तरी कपाटाच्या वरच्या फळीवर भेट मिळालेला सेट तसाच पडून होता, पिशवीसुद्धा न फाडलेला.

"मावशी, हा नवरदेव बघा," भंगारवाला म्हणाला. "अजून घोड्यावरसुद्धा बसलेला नाही."

सासूबाईंनी खोकं टेबलावर ठेवलं. मागचे सहा स्क्रू काढले, झाकण उचललं, छोटी बॅटरी आत धरली. मग त्यांनी बॅटरी विझवली, पुन्हा लावली. सून दारात होती. सासूबाईंनी तिला हाक मारली नाही, नुसता हात मागे करून बोटांनी ये ये केलं.

हेडच्या बाजूच्या स्क्रूवर हिरवा थेंब होता. मुगाच्या डाळीएवढा, जरासा डावीकडे ओघळलेला.

"डावीकडे ओघळायचाच," त्या म्हणाल्या. "माझ्याकडची खुर्ची तिरकी होती. किती वेळा सांगितलं, बदलून देईनात."

त्या दिवशी घरात जणू पाहुणाच आला होता. मुलगा बस डेपोच्या कार्यशाळेतून लवकर आला. बिट्टीनं पाच वेळा विचारलं, हा ठिपका आजीनं खरंच स्वतःच्या हातानं लावला का, आणि पाचही वेळा आजीनं पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं हो म्हटलं. पट्टा मात्र जागच्या जागी विरघळून डांबर झाला होता. तो खरवडून नवा घालण्यात दोन दिवस गेले. हेड भिंगाखाली बघितलं, आरशासारखं, एक चर नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे आतल्या खोलीत जमले आणि सासूबाईंनी ससे लावले.

"सात सशांची शर्यत, शेवटच्या सशाची सरशी."

सून चमकली. इतका स्वच्छ आवाज तिनं या खोलीत कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. साहेबाचा प्रत्येक स पान फाडल्यासारखा येत होता. त्याचं श्वास घेणंसुद्धा ऐकू येत होतं. ती हसून सासूबाईंकडे वळली.

सासूबाई हसत नव्हत्या. त्यांनी कॅसेट मागे नेली, पुन्हा लावली. मान कलती केली, मग दुसरीकडे कलती केली. स्पीकरला कान लावून कारखान्यातला तो सुरीसारखा स शोधत राहिल्या.

"बोबडा आहे," त्या म्हणाल्या.

बिट्टीला वाटलं खेळ आहे. ती सेटबरोबर म्हणू लागली, "थात थथांची थर्यत…"

"बघा," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "पाच वर्षांची पोर चोख म्हणते. जे हिला येतं ते माझ्या सेटला येत नाही."

टेबलावरचा सेट स म्हणत होता, जमिनीवरची मुलगी थ म्हणत होती, आणि घरातला सगळ्यात तिखट कान नेमकं उलटं सांगत होता. रजईतलं गाणं, नाचाच्या बाईंचा फोन, पर्समधली चिठ्ठी, सगळं एकामागून एक तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. तो खाली मान घालून कॅसेटचं रिकामं कव्हर उघडत-मिटत होता.

सासूबाई खुर्चीत बसल्या. "हेड नवंकोरं आहे," त्या स्वतःशीच हिशेब लावावा तसं बोलल्या. "पट्टा नवा. कॅसेट तीच. म्हणजे स्क्रूच चुकलाय. मीच चुकवलाय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "एकच सापडला, तोही असा. बाकीचे कुठे कुठे गेले असतील."

"अगं आई, एखादा चुकतो," मुलगा म्हणाला.

"चुकलेला परत येतो. माझे परत आले नाहीत, म्हणून सगळे चोख होते असं मी समजत होते. लोकांनी चालवून घेतलं असेल. कोण एवढं बघतं. उद्या येताना नेलपॉलिश काढायचं औषध घेऊन ये. ठिपका विरघळवून नीट लावते."

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेली, पण तिचं लक्ष नव्हतं. डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर काढायचं तिचं काम. समोर रांगेत बसलेली म्हातारी माणसं रोज तिला तेच सांगत, डोळ्याला काही झालेलं नाही, हल्ली छपाईच बारीक करतात. ती रोज हसे. आज तिला हसू आलं नाही.

दुपारी तिनं नवऱ्याला फोन केला.

"सांगायचं का आईंना?"

पलीकडे कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं. तो बाजूला गेला असावा, आवाज कमी झाला. "नको," तो म्हणाला. "कान गेला म्हटलं की ती पान्हे-स्क्रूड्रायव्हर आवरून ठेवेल. तू ओळखत नाहीस तिला. नुसती खिडकीत बसून राहील. त्यापेक्षा एक ठिपका गेला तर जाऊ दे."

"एक ठिपका नाही तो."

"मग काय आहे?"

सकाळी सासूबाईंनी चहा अर्धा ठेवला होता. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. एकवीस सेटांपैकी एकही लागला नव्हता. "त्यांना वाटतंय सगळीच एकोणीस वर्षं बोबडी होती," ती म्हणाली.

तो म्हणाला, "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

"तुम्ही ते औषध आणू नका आज."

"तिनं विचारलं तर?"

"दुकान बंद होतं म्हणा."

"मला खोटं बोलता येत नाही तिच्यासमोर. लहानपणी आवाजावरून पकडायची."

"आता नाही पकडणार," सून म्हणून गेली, आणि फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्याच बोलण्याचं वाईट वाटलं.

घरी जाताना तिनं मनाशी सत्तावीस प्रकारे वाक्यं जुळवली. आई, वयोमानानं असं होतं. आई, डॉक्टर म्हणतात. आई, माझी एक मैत्रीण आहे, तिच्या आईलाही. घरी पोचेपर्यंत सगळी वाक्यं गळून पडली. सासूबाई आतल्या खोलीत सेट उघडून बसल्या होत्या. टेबलावर कापसाचा बोळा होता आणि एक बाटली होती. बाटली सुनेच्याच आरशासमोरची. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं, औषध घरातच होतं.

"तुझी घेतली," सासूबाई म्हणाल्या. "त्याची वाट बघत बसले असते तर हात थरथरायला लागले असते."

कापूस ओला होता. ठिपका अजून होता.

"आई, थांबा जरा. तो सेट बोबडा नाही."

"मी ऐकलाय."

"मीही ऐकलाय. स्वच्छ आहे. इतका स्वच्छ सेट या घरात दुसरा नाही."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस गं."

"बरं वाटावं म्हणून नाही बोलत." सून म्हणाली. "बरं वाटणारच नाही तुम्हाला."

सासूबाईंनी कापूस बशीत ठेवला. त्या तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या, ओठांकडे बघतात तसं. मग त्या उठल्या. त्यांनी शिंप्याचा सेट आणून हिरव्या ठिपक्याच्या सेटशेजारी ठेवला, आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"नवी मुलगी टेबलावर यायची तेव्हा आम्ही असंच करायचो," त्या भिंतीला म्हणाल्या. "लाव. आलटून पालटून लाव. कोणता ते मला सांगू नकोस."

सुनेनं आधी शिंप्याच्या सेटमध्ये कॅसेट घातली. रजईतले ससे पळाले. मग हिरव्या ठिपक्याचा. मग पुन्हा तोच. मग शिंप्याचा. प्रत्येक वेळी खटका दाबताना तिच्या मनात येई, आईंना कळू दे. आठ वर्षांत तिला इतक्या वेळा वाटलं होतं की आपली चूक निघावी, पण इतक्या कळकळीनं कधी नाही.

सहा वेळा झाल्यावर सासूबाईंनी हात वर केला.

"सगळे सारखेच," त्या म्हणाल्या. "सहाही वेळा एकच सेट लावलास का?"

"नाही."

"दोन्ही लावलेस."

"हो."

"त्यांच्यात फरक आहे?"

"खूप आहे, आई."

त्या भिंतीकडे तोंड करूनच बसून राहिल्या. त्यांचे केस मानेजवळ पातळ झाले होते, हे सुनेला पहिल्यांदाच दिसलं. तिनं एक पाऊल टाकलं आणि थांबली. खांद्यावर हात ठेवावा की नाही ते तिला कळेना. शेवटी ती टेबलाची कड धरून उभी राहिली.

"शिंप्याचा बोबडा," सासूबाई म्हणाल्या. "तो आत्ता मी लावला. आणि हिरवा चोख. तो तेव्हा मी लावला."

"हो."

"म्हणजे तेव्हाचे ठीक गेले सगळे."

"सगळे."

सासूबाईंनी खुर्ची फिरवली. डोळे ओले होते, पण चेहऱ्यावर काल रात्रीपासूनचा जो दगड होता तो उतरला होता. "मग असू दे," त्या म्हणाल्या. "कान काय, कुठेतरी जायचाच. दात गेले, ते काय विचारून गेले?" त्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि ती सुनेच्या हातात दिली. "नेऊन ठेव. वास येतोय. वास येतो अजून मला."

सून हसली आणि रडली, दोन्ही एकदम. तेवढ्यात बिट्टी चित्रकलेची वही घेऊन आत आली. "आजी, हा थथा बघ."

सासूबाईंनी वही हातात घेतली, पण चित्राकडे बघितलं नाही. बिट्टीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "काय म्हणालीस?"

"थथा."

त्यांनी सुनेकडे बघितलं. "हिचं काय?"

"ती स म्हणत नाही, आई."

"कधीपासून?"

"कधीच म्हणाली नाही."

"आणि मी चोख म्हणत होते." सासूबाईंनी बिट्टीला मांडीवर ओढून घेतलं. "अगं, आणि तू आई ना तिची? मी म्हटलं म्हणून गप्प बसलीस? माझा कान गेला तर गेला, तुझे काय झाले होते?"

"मला वाटलं मला उगाच वाटतंय."

"तुला दहा गोष्टी उगाच वाटतात, कबूल. पण अकरावी खरी असेल की नाही? उद्याच्या उद्या त्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जा. मी पण येते." त्या नातीच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. "आयुष्यात सगळ्यात मोठा बोबडा सेट पास केला मी, तोही घरचाच."

"मी थेत आहे?" बिट्टीनं विचारलं.

"तू खोकं आहेस," आजी म्हणाली. "उतर आता, मांडी दुखली."

मुलगा आला तेव्हा तो दारातूनच सांगू लागला, दुकान बंद होतं, पलीकडचंही बंद होतं, आज बहुतेक सगळीच बंद होती. सासूबाईंनी त्याला अर्ध्यावर तोडलं. "तोंड बघून कळतं अजून," त्या म्हणाल्या. "जा, हात धुऊन ये. आणि येताना त्या नाचाच्या बाईंचा नंबर शोध. त्यांचाही सेट परत मागवायला हवा. किती जणांना मी असे दिलेत कुणास ठाऊक. वहीत सगळ्यांची नावं आहेत."

"मी एक काट्याचं यंत्र आणू का, आई?" मुलानं भीतभीत विचारलं. "जुन्या बाजारात मिळतं."

"आण. काटा असलेला बरा." एवढं सरळ त्या म्हणाल्या की तो दारातच अडकला. "पण काटा येईपर्यंत शिंप्यानं काय करायचं? तो बिचारा आठवडाभर मुकाट्यानं शिवतोय." त्यांनी शिंप्याच्या सेटचं झाकण काढलं, बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सुनेला स्टूल दाखवलं. "बस इथे."

"मी? मला काय कळतंय त्यातलं."

"स कळतो ना? माझ्याआधी कळला तुला, घरातल्या पोरीचा. बस."

सून बसली. सासूबाईंनी ससे लावले आणि बोटाच्या टोकानं, दिसेल न दिसेल असा, स्क्रू फिरवायला सुरुवात केली. सून डोळे मिटून ऐकत होती. रजई जाड झाली. मग पातळ झाली. मग साहेबाच्या तोंडातली गोळी विरघळू लागली.

"थांबा," ती म्हणाली. "नाही. गेलं पुढे. मागे या."

"मागे म्हणजे किती?"

"थोडं."

"थोडं हे काय माप झालं?"

"तुम्हीच सांगा मग, काय म्हणायचं?"

सासूबाईंनी विचार केला. "आम्ही दाणा म्हणायचो. एक दाणा, अर्धा दाणा."

"मग अर्धा दाणा मागे."

स्क्रू अर्धा दाणा मागे आला. साहेबाचा स एकदम धारदार लागला.

"आता," ती म्हणाली.

सासूबाईंचा हात जागच्या जागी थांबला. त्या तिच्याकडे बघत होत्या. "झालं? करू पक्का?"

सून बोलणार होती. मग तिच्या मनात आलं, पाव दाणा अजून राहिला असेल तर? शिंप्याला पुन्हा यावं लागलं तर? "अजून एकदा लावता?" ती म्हणाली. "एकदाच. मला खात्री करू दे."

"लावते की दहा वेळा," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कॅसेट मागे नेली. "एकदा ऐकून हो म्हणणाऱ्या मुली आमच्या टेबलावर टिकत नसत."